उरलेला डोळा घिऊन सातपूरला

लोकं काशीला जात्यात, रामेश्वरला जात्यात, आन आल्यावर चार जनांना बसवून सांगत्यात. मी सातपूरला गेले व्हते. सायखेड्याहून एसटीनं निघालं तर दुपारच्या आत मानूस पोचतं. मला जाऊन यायला अठरा दिवस लागले. नात म्हनली, आजी, तू सांग, मी लिहिते. मी म्हनलं, जशी बोलते तशीच लिही, शाळेतल्यावानी करू नको.

गेले ते डोळ्यासाठी. ते आदी सांगते, नाय तर पुढचं कळायचं नाय.

डावा डोळा माझा लगीन झाल्याच्या तिसऱ्या साली गेला. बाजरीच्या खळ्यावर डोळ्यात कुसळ गेलं. सासरे म्हनले, खळं उरकू द्या, मग नाशिकला नेऊ. सासूनं शेजारच्या लेकुरवाळीचं दूध घातलं, भगतानं कसला तरी पाला पिळला. खळं आठ दिवसांनी उरकलं, डोळा त्याच्या आदी उरकला. मला कोनी इचारलं नाय, मी बी बोलले नाय. राग नाय माझा. आभाळ आलं व्हतं, दाना भिजला असता तर वरीसभर खायचं काय?

मग चाळीस वर्सं उजव्यावर काढली. आमचं घर फुलाचं, झेंडू आन शेवंती. खुडायची, निवडायची, पाट्या भरून नाशिकच्या बाजाराला धाडायची. मालक गेले, पोरं मोठी झाली, तरी निवडायचं काम माझंच. मग सत्त्यान्नव-अठ्ठ्यान्नवच्या सुमाराला उजव्यावर बी दुधाचा पडदा आला. पिवळा झेंडू कोनता आन केशरी कोनता ते कळायचं, पन फुलातली अळी दिसायची नाय. मानूस दिसायचं, तोंड दिसायचं नाय.

सातपूरला माझा धाकटा भाऊ दामू ऱ्हातो, कारखान्यात हाय. त्यानं पाव्हन्याच्या हाती निरोप धाडला. "बाईला घिऊन या, इथं डोळ्याचा चांगला दवाखाना हाय." दामू मला बाई म्हनतो. दोन भाऊबिजा झाल्या, तो आला नव्हता. ओव्हरटाईम हाय म्हनायचा. मी ताट तयार करून ठेवायची आन चंद्राला ओवाळायची. म्हनून डोळ्यापेक्षा बी त्याला पाह्यला जाऊ म्हनलं. सोबत धाकटी जाऊ सिंधू निघाली. सिंधूचं तोंड एक घडी बंद नसतं, ते मला बरंच व्हतं. ती कुठं हाय ते बघावं लागत नाय.

माहेर

सिंधूचं म्हननं, डाक्टरच्या आदी देवीला इचारायचं. माझं माहेर पिंपळगाव बसवंतच्या अलीकडं. तिथं शिवेवर देवी हाय, तिला कौल लावत्यात. दोन फुलं पान्यात बुडवायची, एक देवीच्या उजव्या खांद्याला चिकटवायचं, एक डाव्या. उजवं पडलं तर कर, डावं पडलं तर करू नको. लगीन, हीर, जमीन, सारं तिथं इचारत्यात.

आता मी सोता फुलवाली. मला फुलाचं सारं ठाव. टपोरं, पानी प्यालेलं फूल जड असतं, ते लवकर पडतं. बारकं, अर्धं मिटलेलं फूल जळूवानी चिकटून ऱ्हातं. आमच्याच पाटीतली फुलं नेली व्हती. गुरव म्हनला, "काढा मावशे दोन." मी पाटीत हात घातला तर बोटांनी आपोआप एक भरलेलं काढलं आन उजव्या बाजूला धरलं. तव्हा मला कळलं का मला आपरेशन करायचं हाय. घाबरले. मग डावीसाठी त्याच्यापेक्षा भरलेलं काढलं. तव्हा कळलं का मला करायचं नाय.

मी सिंधूला म्हनलं, "तू काढ बाई, माझा हात चोर हाय."

सिंधूनं काढली. मी चाचपून पाह्यली. उजवीसाठी कळी, डावीसाठी टपोरं.

"सिंधे, तुला नको हाय आपरेशन."

"मग? हाय ते बरं हाय, आक्का. वाट दिसती, ताट दिसतं. उद्या ते बी गेलं तर? मला काय तुमचा हात धरायचं जड नाय, पन तुम्हीच कोनाला हात धरू द्यायच्या नाय."

शेवटी गुरवानं सोताच दोन सारखी फुलं घेतली आन लावली. आम्ही हात जोडून बसलो. टप आवाज आला. एकच.

"कोनतं पडलं?" मी म्हनलं.

सिंधू पहिल्यांदा गप बसलेली. मग गुरव म्हनला, "दोन्ही बरुबर पडली."

"मग त्याचा अर्थ काय?"

"अर्थ असा," गुरव डोकं खाजवत म्हनला, "का देवी म्हनती, डाक्टरला इचार."

पिंपळगावची धावपळ

तिथून नाशिकला एका द्राक्षाच्या टेम्पोत बसून गेलो. डायवर माहेरच्या गावचा, त्यानं पुढं बसवलं. माघ महिना, पिंपळगावाला द्राक्षाचा हंगाम. हायवेच्या कडंला टेम्पोच टेम्पो, बायका कॅरेट भरत्यात, सगळीकडं गोड-आंबट वास. मला दिसत नव्हतं तरी वासावरून कळलं का गाव किती मोठं झालंय. आमच्या सायखेड्याला गोदागंगेचा वास, शेनाचा वास. इथं पैशाला वास असंल तर तो असा असंल.

रस्त्यात एका बागंपाशी डायवर थांबला. बागवाला आन त्याचा भाऊ भांडत व्हते. आभाळ आलं व्हतं. एक म्हनं, आज तोडू, पाऊस आला तर मनी तडकत्यात. दुसरा म्हनं, दोन दिवस थांबू, गोडी भरंल, मग माल बाहेरच्या देशात जाईल. बागवाल्याकडं एक नळी व्हती, तिच्यावर द्राक्षाचा थेंब टाकायचा, एक डोळा मिटायचा आन दुसऱ्यानं बघायचं. गोडी किती ते आत दिसतं म्हने.

मी सिंधूला म्हनलं, "हा बी माझ्यावानीच एका डोळ्याचा."

त्यानं ते ऐकलं. हसला. "आजी, नळीत गोडी दिसती. आभाळात काय हाय ते दिसत नाय. तुम्ही सांगा, तोडू का थांबू?"

मी म्हनलं, "बाबा, मी तेच इचारायला निघालेय."

त्यानं तोडलं का नाय ठाव नाय. आम्ही निघालो. पाऊस आला नाय, एवढं ठाव हाय. पन तो आला नाय हे त्याला त्या टायमाला कुठं ठाव व्हतं?

नाशिकच्या स्टँडवर माझी फजिती झाली. सिंधूचं लुगडं हिरवं, म्हनून हिरव्या रंगाच्या मागं चालले, हात धरला. पार मुतारीपातूर गेल्यावर ती बाई म्हनली, "आजी, तुम्ही कोन?" तिकडं सिंधू बोंबलत व्हती, आक्का कुठं गेली, आक्का कुठं गेली. त्या बाईनंच मला आवाजाकडं सोडलं. सिंधू म्हनली, "आक्का, हिरव्या लुगड्याची का कमी हाय नाशकात!" लोकं हसले. मी बी हसले. पन तिथून पुढं सिंधूचा पदर सोडला नाय.

सातपूर

दामू घ्यायला आला. पिशवी डाव्या हातानं घेतली. देवीचा अंगारा दिला, तो बी डाव्यानं घ्यायला लागला.

"दाम्या, सातपूरला ऱ्हाऊन रीत इसरला का? देवाचं डाव्या हातानं घेतो?"

"उजव्यात गाडीची चावी हाय, बाई," तो म्हनला, आन कपाळ पुढं केलं. "तूच लाव."

मी लावला. कपाळ घामानं वलं व्हतं.

दामूचं घर दोन खोल्यांचं. सुमन, त्याची बायको, लय गुनाची. मला वन्सं म्हनती, पान्याचा तांब्या हातात देती, जमिनीवर ठेवीत नाय. सातपूरची रीत येगळी. आमच्याकडं कोंबड्यावर उठायचं, तिकडं भोंग्यावर. भोंगा झाला का मोटरसायकली सुरू, सायकली, बसा, सारा रस्ता गरगर करतो, आन अर्ध्या घंट्यानं एकदम गप. पुन्हा भोंगा, पुन्हा तेच, पन उलट्या दिशेनं. दारं दिवसा बी बंद. शेजारी कोन मेलं तर भोंगा वाजंल का काय, कोन जाने. सुमनच्या हातची काळ्या मसाल्याची आमटी मातर माहेरचीच. भाकरी ती गॅसवर भाजती. भाकरीला गॅसचा रंग येतो, चुलीचा येत नाय, पन मी काय बोलले नाय.

दामू म्हनला, "बाई, मला आता बसून काम हाय. गेटवर."

मला लय बरं वाटलं. पंधरा वर्सं प्रेसवर, मशीनवर पत्रे दाबायचं काम उभ्यानं केलं त्यानं. मी म्हनलं, "म्हंजी बढती झाली." सुमन सैपाकघरात गेली. दामू म्हनला, "तसंच समज."

डाक्टरीन

डाक्टरीन बारीक आवाजाची, वयानं माझ्या सुनंएवढी. उजेड मारला, बघितलं, लय येळ बघितलं. मग म्हनली, "आजी, मोतीबिंदू पिकून कडक झालाय. काढला तर बहुतेक चांगलं दिसेल. बहुतेकांचं चांगलंच होतं. पण थोड्यांचं बिघडतं. आत जंतू शिरला किंवा रक्त आलं, तर आहे तेवढी नजरही जाऊ शकते. आणि तुमचा दुसरा डोळा नाही, म्हणून मी स्पष्ट सांगते."

"आन नाय काढला तर?"

"हळूहळू हाही जाईल. नंतर काढायचा म्हटलं तर आणखी अवघड होईल."

"थोडे म्हंजी किती?"

"थोडे, आजी. पण तुम्ही त्या थोड्यात असाल की नाही, ते मला आधी सांगता येत नाही."

मी तिला म्हनलं, "ताई, मी फुलं निवडते. पाटीत चार फुलं किडकी असली तर मी म्हनते, पाटी चांगली हाय. गिऱ्हाईक बी म्हनतं चांगली हाय. तुमच्याकडं डोळ्यांची पाटी हाय. माझ्याकडं एकच फूल."

ती खुर्ची वढून जवळ आली. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हनली, "म्हणूनच मी ठरवणार नाही, आजी. तुम्ही ठरवायचं. कोणाच्या सांगण्यावरून नाही."

आता बघा. देवीनं सांगितलं डाक्टरला इचार. डाक्टरीन म्हनती तुम्ही ठरवा. जल्मात पहिल्यांदा मला कोनी इचारलं, आन ते असलं!

बाहेर बाकावर पेठकडची एक बाई बसली व्हती, तिचा बी डोळा. मी म्हनलं, "तुम्ही काय ठरवलं?" ती म्हनली, "मला काय ठरवायचं? पोरानं आनलं, अंगठा घेतला, उद्या कापनार." आन भिताडाला टेकून निवांत झोपली. मला तिचा हेवा वाटला. खरं सांगते, खळं उरकू द्या म्हननारं कोनी तरी पायजे व्हतं त्या दिवशी.

घरी दोन पार्ट्या पडल्या. दामू म्हनं, "कर बाई, काय व्हत नाय."

"व्हत नाय कसं?" सिंधू म्हनं. "डाक्टरीनच म्हनती व्हतं."

"थोड्यांचं व्हतं."

"त्या थोड्यांना इचारा जाऊन, थोडं झालं का लय झालं!"

दामू उठून मोरीत गेला. सुमन म्हनली, "जेवून घ्या सगळ्यांनी."

डोळा बांधून

मी तीन दिवस नुसती बसले. एकदा वाटायचं कर, घासभर खाल्लं का वाटायचं नको. चौथ्या दिवशी सकाळी दामू कामावर गेला, सुमन आन सिंधू भाजीला गेल्या. मी म्हनलं, वाईटात वाईट काय व्हईल? आंधळी व्हईन. तर मग आंधळी होऊन बघू. पदर फाडला नाय, सुमनचा रुमाल घेतला आन उजवा डोळा करकचून बांधला. दुपारपातूर सोडायचा नाय असं ठरवलं.

पानी घेतलं. सांडलं, पन घेतलं. मोरीत गेले, आले. मेथीची जुडी व्हती, ती निवडली. बोटं डोळ्यापेक्षा हुशार असत्यात, काडी आन पान त्यांना बरुबर कळतं. भांडी लावली. मग खाटंवर बसून सोताशीच बोलले. म्हनलं, हौसे, जमतंय की. मरत नाय मानूस. मग मालकांची आठवन काढली, सासूला दोन शिव्या दिल्या, त्या पाल्याच्या भगताला चार दिल्या, दाम्याला बी दिल्या, म्हनलं, दोन भाऊबिजा आला नाय, बायकोच्या पदराला बांधलाय, मेला.

समोरून कोन तरी खोकललं.

"कोन हाय?"

"मी, बाई," दामूचा आवाज. "सुट्टी घेतली. कव्हाचा बसलोय."

"बोलायचं नाय का?"

नाक वढलं त्यानं.

मी रुमाल सोडला. त्यानं तव्हर उजवा हात टॉवेलात घातला व्हता. मला वाटलं, तोंड पुसत असंल.

आन तिथंच माझं काय तरी ठरलं, कसं ते मला सरळ सांगता येत नाय. पानी, मोरी, मेथी, ह्याला डोळा नसला तरी चालतं. पन समोर आपलं मानूस बसून रडतं आन आपल्याला ठाव नाय, हे मला चालंना. पन मग आंधळेपनाची भीती वाटली म्हनून आपरेशन नको म्हनायला पायजे व्हतं का? का त्याच भीतीनं करायला पायजे व्हतं? नाय केलं तर दोन वर्सांनी हाच रुमाल कायमचा. केलं आन बिघडलं तर उद्यापासून. केलं आन जमलं तर रुमालच नाय. असं बोटावर तीनदा मोजलं, तरी गुंता सुटला नाय. मी म्हनलं, "दामू, चल दवाखान्यात. इचार करून काय संपत नाय."

सिंधूला सांगितलं तव्हा ती रडली, भांडली, आन मग माझी वेनी घालून दिली. कागदावर अंगठा मागितला. मी दुसरीपातूर शाळेत गेलेली. म्हनलं, सही करते. ओळीच्या बाहेर गेली म्हने, पन माझी व्हती.

पट्टी

आपरेशनचं काय सांगायचं? टोचलं, मग पानी पानी झालं, उजेड हलला, कोनी तरी भांड्यात काय तरी टाकलं. दुखलं नाय फार. बाळंतपन ह्याच्यापेक्षा वाईट.

पेठकडची बाई शेजारच्या खाटंवर व्हती. तिची पट्टी माझ्या आदी काढली. तिचा डोळा लाल झालाय, सिंधू माझ्या कानात म्हनली. डाक्टरीन घाईघाईनं तिला दुसऱ्या खोलीत घिऊन गेली. तोच दवाखाना, तोच दिवस, कापनारा हात बी तोच. तिला कोनी इचारलं नव्हतं, मला इचारलं व्हतं, एवढाच फरक. मी सिंधूचा हात घट्ट धरून बसले. पुढं तिचं काय झालं ते मला कळलं नाय. अजून आठवती.

मग माझी पाळी. डाक्टरीन म्हनली, हळूच उघडा. आदी नुसता पांढरा झळाळ. मग खिडकी. मग खिडकीचे गज, येगळे येगळे. मला मोजायला कोनी सांगितलं नव्हतं, मी मोजले. डाक्टरीन बोटं दाखवायला हात उचलनार, तव्हर दामूच पुढं आला. लहानपनापासून तसाच हाय, धीर म्हनून नाय. हात उंच करून नाचवत म्हनला, "बाई, सांग, सांग, किती?"

"तीन," मी म्हनलं.

कोनीच बोलंना. सिंधू बोलंना. मी घाबरले. मी म्हनलं, "चुकलं का? नीट सांगा. गेला का डोळा?"

डाक्टरीन हळू म्हनली, "नाही आजी. बरोबर आहे. तीनच आहेत."

मग मी नीट बघितलं. अंगठा, आन दोन बोटं. मधली दोन नव्हती. दामूला तव्हा आठवलं, त्यानं हात खाली घेतला, खिशात घालायला लागला.

"ऱ्हाऊ दे," मी म्हनलं. "बघितलं मी."

सगळ्यांना ठाव व्हतं. सिंधूला बी. मलाच नव्हतं. बोटं प्रेसमधी जाऊन दोन वर्सं झाली व्हती. मशीनला पुढं एक जाळी असती, हात आत जाऊ नाय म्हनून. जाळी लावली तर काम हळू व्हतं. सारे काढायचे. दामू बी काढायचा, पंधरा वर्सं. मी म्हनलं, "भ्या वाटलं नाय?" तो म्हनला, "पहिल्या दिवशी वाटलं. मग रोज काय व्हायचं नाय, तर वाटायचं काय व्हतच नाय."

"आन मला म्हनला, कर बाई, काय व्हत नाय."

"तुला ठाव असतं तर तू आली असतीस का?"

खाली त्याचे बूट दिसत व्हते, एका बुटाची नाडी सुटलेली व्हती, ती बी दिसत व्हती.

सायखेड्याला आले तव्हा लोकं म्हनले, हौसाबाईनं लय धाडस केलं, लय शहानी. डोळा बिघडला असता तर हेच लोकं म्हनले असते, म्हतारीला ह्या वयात काय अवदसा आठवली. मी तर तीच व्हते. सही तीच, ओळीच्या बाहेर गेलेली. आता फुलातली अळी दिसती. सिंधूच्या तोंडावर किती सुरकुत्या झाल्या ते बी दिसतं, तिला सांगितलं तर चिडती.

त्या दिवाळीत दामू भाऊबिजेला आला. पाटावर बसला. मी कुंकू लावलं, अक्षता लावल्या, ओवाळलं. सुपारी द्यायला हात पुढं केला तर तो डावा हात काढायला लागला. मग म्हनला, "बाई, खरं सांग. हा हात तुला आदी दिसला असता, तर हो म्हनली असतीस?"

निरांजन हातात तसंच.

"ते मला अजून कळत नाय," मी म्हनलं. "उजवा पुढं कर."